मु. पो. विचित्र

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, कॅन्सस सिटीच्या दक्षिणेला, पिक्युलिअर नावाचं गाव आहे. पिक्युलिअर म्हणजे विचित्र, चमत्कारिक. गावात मात्र नजरेत भरेल असं चमत्कारिक काही नाही. जे काही चमत्कारिक घडलं ते १८६८ साली, आणि तेही टपालखात्याशी झालेल्या पत्रव्यवहारात. एडगर थॉमसन हा तिथला पहिला पोस्टमास्तर. पोस्ट हवं तर गावाला नाव हवं, म्हणून त्यानं ‘एक्सेल्सिअर’ असं भारदस्त नाव कळवलं. उत्तर आलं, या नावाचं पोस्ट राज्यात आधीच आहे, दुसरं पाठवा. दुसरं पाठवलं, तर तेही कुणीतरी घेतलेलं. असं आणखी काही वेळा झाल्यावर थॉमसनचा धीर सुटला. त्यानं थेट पोस्टमास्तर जनरलला लिहून टाकलं, की आता तुम्हीच काय ते नाव द्या. आमची काही हरकत नाही, फक्त ते जरा ‘पिक्युलिअर’ असावं. वरच्या साहेबांनी तोच शब्द उचलला आणि फाइल बंद केली. गाव आजही ही हकीकत कौतुकानं सांगतं.

अमेरिकेच्या नकाशावरून बोट फिरवलं की अशी नावं पावलोपावली भेटतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, काय वल्ली माणसं राहत असतील तिथे! बहुतेक वेळा प्रकार उलटा असतो. नाव पडतं ते कारकुनी खाक्यामुळे, नाहीतर निव्वळ योगायोगानं. माणसं विक्षिप्त होतात ती नंतर. नाव एकदा गळ्यात पडलं की त्याला जागायला हवं ना!

यातला मोठा हात टपालखात्याचा. एकोणिसाव्या शतकात वस्ती पश्चिमेकडे सरकत होती. जिथे दोन रस्ते मिळत तिथे एक दुकान निघे, दुकानदार पोस्टमास्तर होई आणि वॉशिंग्टनला अर्ज जाई. पत्रांचा घोटाळा नको म्हणून एका राज्यात एका नावाचं एकच पोस्ट, हा दंडक. वॉशिंग्टन, फ्रँकलिन, स्प्रिंगफील्ड अशी घरंदाज नावं पहिल्या पंगतीलाच संपली. मागून आलेल्यांच्या पानात जे पडलं ते पडलं. टेनेसीत एक वस्ती ‘नेमलेस’, म्हणजे बिननावाची, म्हणून ओळखली जाते. अर्जावरची नावाची जागा कोरी राहिली आणि खात्यानं तिथे तसा शिक्का मारून दिला, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा खोटी, टपालखात्याच्या स्वभावाशी मात्र ती जुळते.

इंडियानातल्या सांता क्लॉज गावाचीही हीच गत. लोकांना नाव हवं होतं सांता फे. १८५६ साली खात्यानं कळवलं, राज्यात सांता फे आहे. नवं नाव ठरवताना ‘सांता’ राहिला आणि ‘फे’च्या जागी ‘क्लॉज’ आला. तेव्हा कुणाला कल्पना नसेल, की पुढे देशभरची पोरं नाताळच्या आधी सांताला पत्रं धाडतील आणि ती याच पोस्टात येऊन पडतील. जेम्स मार्टिन नावाच्या पोस्टमास्तरनं १९१४च्या सुमारास पत्रांना उत्तरं द्यायला सुरुवात केली. आजही गावातले स्वयंसेवक दर डिसेंबरला बसून हजारो पोरांना सांताच्या नावानं उत्तरं लिहितात. पोस्टाचा खास शिक्का दरवर्षी नवा असतो आणि तो आपल्या शुभेच्छापत्रावर उमटावा म्हणून लोक लांबून पाकिटांचे गठ्ठे घेऊन येतात. गावात रस्त्याचं नाव ख्रिसमस बुलेव्हार्ड, तळ्याचं नाव ख्रिसमस लेक. १९४६ साली इथे सांता क्लॉज लँड नावाची करमणूक बागही निघाली. कारकुनाच्या एका नकारावर अख्ख्या गावाचं पोट चाललंय.

ॲरिझोनातल्या ‘व्हाय’चा किस्सा आटोपशीर आहे. दोन महामार्ग इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात मिळत, म्हणून तिथल्यांनी ठिकाणाला नुसतं ‘वाय’ म्हणायचं ठरवलं. नियम असा, की नावात किमान तीन अक्षरं हवीत. मग त्याच उच्चाराच्या जवळ जाणारा तीन अक्षरी शब्द घेतला. त्याचा अर्थ ‘का?’ असा होतो, तो भाग निराळा. पुढे रस्ते खात्यानं अपघात टाळण्यासाठी तो तिठा मोडून काटकोनी केला. ‘वाय’ गेला, ‘का?’ राहिलं.

काही गावं तर अक्षरशः जुगारावर लागली. ॲरिझोनातच शो लो नावाचं गाव आहे. कॉरिडॉन कूली आणि मॅरिअन क्लार्क या दोघांची मिळून लाख एकरांच्या घरातली जमीन होती; दोघांना ती पुरेना, म्हणून एकानं ती सोडायची ठरली. कोण जाणार याचा निकाल पत्त्यांवर. रात्रभर डाव रंगला. शेवटी क्लार्क म्हणाला, सगळ्यांत लहान पान दाखव आणि जिंक. कूलीनं पान उलटलं, ती निघाली किलवरची दुर्री. पत्त्यांत त्याहून लहान पान नाही. गावाला नाव मिळालं ‘लहान दाखव’ आणि गावातला हमरस्ता आजही ‘ड्यूस ऑफ क्लब्ज’, म्हणजे किलवरच्या दुर्रीच्या नावानं ओळखला जातो. बँक, शाळा, डॉक्टरचा दवाखाना, सगळ्यांच्या पत्त्यात ही दुर्री. याच्यापुढे ओरेगनमधल्या पोर्टलंडची गोष्ट सोवळी वाटते. १८४५ साली एका पेनीची नाणेफेक झाली. एका मालकाला आपल्या बॉस्टनचं नाव हवं होतं, दुसऱ्याला मेन राज्यातल्या पोर्टलंडचं. तीनपैकी दोनदा पोर्टलंडवाला जिंकला. ते नाणं ओरेगनच्या इतिहास संस्थेनं जपून ठेवलं आहे.

मेरिलंडमधल्या ‘ॲक्सिडेंट’ या गावात मोटारींचा काही संबंध नाही. अठराव्या शतकात जमिनीची मोजणी करणाऱ्या दोन टोळ्यांनी चुकून एकाच झाडापासून सुरुवात करून एकच तुकडा मोजला, तो हा अपघात. इथले रहिवासी स्वतःला ‘ॲक्सिडेंटल’ म्हणवतात, आणि त्याचा त्यांना कमीपणा वाटत नाही.

हा कमीपणा न वाटणं, हीच खरी अमेरिकी गंमत. मिशिगनमध्ये ‘हेल’ म्हणजे नरक आहे. १८३८च्या सुमारास जॉर्ज रीव्हज यानं तिथे पिठाची गिरणी टाकली. दळणाच्या मोबदल्यात मिळालेल्या धान्याची तो व्हिस्की गाळायचा. नवरा दळण घेऊन गेला की दोन दिवस परतायचा नाही आणि आजूबाजूच्या शेतकरणी म्हणायच्या, आमचे हे पुन्हा नरकात गेलेत. नावाबद्दल आणखीही कथा आहेत, पण ही सांगायला जास्त सोयीची. आता या नरकात आइस्क्रीम मिळतं, लग्न लावायला चिमुकलं चर्च आहे, आणि तिथून धाडायच्या पोस्टकार्डाची कड जाळून देतात. ठरावीक पैसे भरले की कुणालाही एका दिवसापुरतं नरकाचं महापौरपद मिळतं. संध्याकाळी रीतसर महाभियोग चालवून त्याला पायउतार करतात. दर हिवाळ्यात नरक गोठतो आणि वर्तमानपत्रांना फुकटचा मथळा मिळतो.

ओरेगनमधल्या ‘बोअरिंग’चं नाव विल्यम बोअरिंग या जुन्या शेतकऱ्याच्या आडनावावरून पडलं. माणूस बिचारा कंटाळवाणा होता की नव्हता, इतिहास सांगत नाही. स्कॉटलंडच्या एका बाईंना सायकल सहलीत हे गाव दिसलं आणि त्यांना आपल्याकडचं ‘डल’ नावाचं खेडं आठवलं. २०१२ साली नीरस आणि कंटाळवाणं यांची सोयरीक जमली. ओरेगनच्या विधिमंडळानं ९ ऑगस्ट हा ‘बोअरिंग अँड डल डे’ म्हणून जाहीर केला. वर्षभरात ऑस्ट्रेलियातला ‘ब्लँड’ म्हणजे बेचव नावाचा जिल्हाही या कुटुंबात दाखल झाला.

या ब्लँडचा धागा थेट मुंबईला येतो. ज्याच्यावरून ते नाव पडलं तो विल्यम ब्लँड ब्रिटिश आरमारात सर्जन होता. १८१३ साली त्याचं जहाज मुंबईत असताना जहाजावरच्या खजिनदाराशी त्याचं बिनसलं, द्वंद्वयुद्ध झालं आणि खजिनदार मेला. मुंबईतच खटला चालून ब्लँडला सात वर्षांसाठी काळ्या पाण्यावर, म्हणजे ऑस्ट्रेलियात धाडलं. तिथे त्याला माफी मिळाली, त्यानं दवाखाना थाटला, गव्हर्नरची टिंगल केली म्हणून पुन्हा तुरुंग पाहिला, राजकारणात शिरला आणि उतारवयात वाफेवर चालणाऱ्या वायुनौकेचा आराखडाही काढला. इतक्या तिखटमिठाच्या माणसाचं नाव ‘बेचव’ जिल्ह्याला लाभावं, यासारखा विनोद ठरवून करता येत नाही.

नावाला जागण्याच्या या खेळात सगळेच उतरतात असं नाही. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत ‘इंटरकोर्स’ नावाचं खेडं आहे. १८१४ पर्यंत ते क्रॉस कीज होतं. नवं नाव पडलं तेव्हा त्या शब्दाचा रूढ अर्थ व्यवहार, येणंजाणं, बोलणंचालणं एवढाच होता. अर्थ घसरला तो नंतर. त्यातून हा सगळा आमिश लोकांचा मुलूख. काळे कपडे, घोड्याच्या बग्ग्या, घरात विजेची जोडणी नाही, फोटो काढून घ्यायचा नाही. पर्यटक पाटीखाली उभे राहून खिदळतात, पाट्या चोरून नेतात, आणि शेजारून आमिश शेतकरी खत भरलेली गाडी हाकत शांतपणे निघून जातो. विनोद त्याच्या गावावर आहे, पण तो त्यात नाही.

आता नाव विकणाऱ्यांकडे वळू. यातलं मानाचं पान न्यू मेक्सिकोतल्या हॉट स्प्रिंग्जचं. नाव योग्यच होतं, कारण गावात गरम पाण्याचे झरे आहेत. पंचाईत एवढीच, की याच नावाची गावं देशात ठायीठायी होती आणि त्यांतलं आर्कान्सामधलं फार प्रसिद्ध. १९५० साली रेडिओवरच्या ‘ट्रूथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस’ या कार्यक्रमाला दहा वर्षं होत होती. कार्यक्रम असा: पाहुण्याला उत्तर येणारच नाही असा आडवळणी प्रश्न विचारायचा, तो अडखळला की भोंगा वाजवायचा आणि मग त्याच्याकडून काहीतरी वेडगळ करून घ्यायचं. खरं सांग, नाहीतर परिणाम भोग! निवेदक राल्फ एडवर्ड्स यांनी जाहीर केलं, की जे गाव आमच्या कार्यक्रमाचं नाव घेईल तिथून आम्ही वर्धापनदिनाचा कार्यक्रम प्रसारित करू.

गावानं मतदान घेतलं. मोठ्या बहुमतानं ठराव झाला, ३१ मार्च १९५० रोजी जुनं नाव गेलं आणि दुसऱ्या दिवशी कार्यक्रम तिथून लागला. तारीख १ एप्रिल. सगळ्यांनाच हे रुचलं होतं असं नाही. नाराजांनी शेजारी विल्यम्सबर्ग नावाची आपली वेगळी चूल मांडली. साठच्या दशकात जुन्या नावासाठी पुन्हा मतदान झालं, तेव्हाही लोकांनी नवंच ठेवलं. ही लहर आठ दिवसांत विरून गेली असती, पण एडवर्ड्स गडी शब्दाचा पक्का निघाला. पुढची पन्नासेक वर्षं तो जवळजवळ दर मे महिन्यात गावच्या जत्रेला हजेरी लावत राहिला. कार्यक्रम संपला, रेडिओचा जमाना गेला, २००५ साली एडवर्ड्सही गेला. गाव मात्र अजून ‘खरं, नाहीतर परिणाम’. रोजच्या बोलण्यात त्याचं ‘टी ऑर सी’ झालंय, कारण एवढं लांबलचक नाव घेऊन भाजी आणायला कोण जाणार?

बाकीचे सौदे याच्यापुढे पोरकट वाटतात. १९९३ साली फुटबॉलपटू जो मोंटाना कॅन्सस सिटीच्या संघात आला, तेव्हा तिथल्या एका रेडिओ केंद्रानं मोंटाना राज्यातल्या इस्मे या विसेक वस्तीच्या गावाला गळ घातली: मोसमापुरतं ‘जो’ व्हा, म्हणजे पत्ता ‘जो, मोंटाना’ होईल. गावानं हो म्हटलं. मुळात इस्मे हे नावही रेल्वेच्या एका अधिकाऱ्याच्या इसाबेला आणि मे या दोन मुलींचं जोडून केलेलं, त्यामुळे फार पावित्र्यभंग झाला असंही नाही. २०००च्या सुमारास ओरेगनमधल्या हाफवे गावानं वर्षभरासाठी ‘हाफ डॉट कॉम’ व्हायचं कबूल केलं, त्याबदल्यात शाळेला वीस संगणक आणि गावाला काही पैसे मिळाले. काही महिन्यांतच ती कंपनी ईबेनं तीस कोटी डॉलरांहून जास्त किमतीला विकत घेतली. सौद्यात कोण शहाणं ठरलं, हे सांगायला नको. २००५ साली टेक्सासमधल्या क्लार्क गावानं तर आपलं नाव कायमचं ‘डिश’ करून टाकलं. मोबदला: प्रत्येक घराला दहा वर्षं फुकट उपग्रह वाहिन्या. दहा वर्षं केव्हाच उलटली. नाव अजून डिशच आहे.

या खेळाला एक कायदेशीर बाजूही आहे, आणि ती कळली की पुढची मंडळी समजतात. अमेरिकेत गाव दिसतं म्हणजे तिथे स्थानिक सरकार असतंच असं नाही. हजारो वस्त्यांना ना नगरपालिका, ना निवडून दिलेलं मंडळ. सगळा कारभार काउंटीकडून चालतो. अशा गावात महापौराची खुर्चीच नसते. आणि जी खुर्ची नाही, तिच्यावर कुणालाही बसवता येतं.

केंटकीत ओहायो नदीच्या काठी रॅबिट हॅश नावाची वस्ती आहे. पूर आला की ससे डोंगराकडे पळायचे आणि लोकांच्या पातेल्यात पडायचे, म्हणून ‘सशाचं कालवण’ अशा अर्थाचं नाव. १८३१पासून चालत आलेलं वाण्याचं दुकान हा गावाचा जीव. १९९८ साली गावानं महापौर निवडला, तो गूफी नावाचा कुत्रा. तेव्हापासून ही परंपरा सुरू आहे. ल्युसी लू नावाची बॉर्डर कोली झाली, मग एक पिट बुल, मग २०२० साली विल्बर नावाचा फ्रेंच बुलडॉग. एका मताला एक डॉलर. खिसा परवानगी देईल तितकी मतं एकट्यानं द्यावीत. मतदानाला दारू पिऊन यायला हरकत नाही, लाच चालते. जमलेला पैसा जुन्या इमारतींच्या जपणुकीला जातो. २०१६ साली ते दुकान आगीत खाक झालं, तेव्हा गावानं ते पुन्हा उभं केलं. पैशांची निवडणूक इतक्या उघडपणे आणि इतकी सत्कारणी लावणारं गाव दुसरं सापडणं कठीण.

अलास्कातल्या टॉकीटनाचा महापौर होता स्टब्ज नावाचा तांबूस बोका. १९९७ ते २०१७ अशी वीस वर्षं तो पदावर होता. नॅग्लीच्या दुकानात मुक्काम, आणि दुपारी शेजारच्या उपाहारगृहात काचेच्या चषकातून पाणी, त्यात मांजरांना धुंद करणारी कॅटनिप ही वनस्पती मिसळलेली. २०१३ साली एका कुत्र्यानं त्याला जबर जखमी केलं तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी बातमी दिली. टेक्सासमधल्या लाहितासला बिअर पिणारा बोकड महापौर होता. मिनेसोटातल्या डॉर्सेटमध्ये चिठ्ठी काढून महापौर ठरतो. २०१२ साली ती तीन वर्षांच्या पोराच्या नावाची निघाली.

या सर्वांत आंतरराष्ट्रीय कीर्ती मिळवली ती कॅलिफोर्नियातल्या सुनोलच्या बॉस्को या कुत्र्यानं. १९८१ साली दोन माणसांना हरवून तो महापौर झाला आणि १९९४ साली मरेपर्यंत राहिला. चीनमधल्या सरकारी वृत्तपत्रानं ही निवडणूक अमेरिकी लोकशाहीच्या दिवाळखोरीचा पुरावा म्हणून छापली. गावकऱ्यांना त्याचा राग येण्याऐवजी अभिमानच वाटला. पोस्टाजवळ बॉस्कोचा पुतळा उभा राहिला. गावातल्या एका खानावळीत तर काउंटरवर त्याची प्रतिकृती बसवली. तिचा मागचा पाय उचलला की पेल्यात बिअर पडते. लोकशाहीचं हे दर्शन पेकिंगच्या संपादकांना कळलं असतं तर त्यांनी आणखी एक रकाना खर्च केला असता.

मात्र सगळाच प्रकार लुटुपुटुचा नसतो. १९३८ साली वॉशिंग्टन राज्यातल्या मिल्टन गावात रिपब्लिकन पक्षाच्या प्रभाग समितीवर बॉस्टन कर्टिस नावाचे उमेदवार ५१ विरुद्ध शून्य मतांनी निवडून आले. बॉस्टन कर्टिस हे खेचर होतं. गावचे महापौर केनेथ सिमन्स यांनी त्याला रीतसर कार्यालयात नेऊन अर्जावर सहीऐवजी खुराचा ठसा उमटवला होता. सिमन्स डेमोक्रॅट. मतदार न वाचता शिक्का मारतात, हे त्यांना दाखवून द्यायचं होतं. त्यांनी दाखवलं.

आतापर्यंतची गावं नावानं अतरंगी आणि आतून बरीचशी साधी. याच्या उलट जातही आहे: नाव अगदी मामुली आणि जगणं मुलखावेगळं. सॅन फ्रान्सिस्कोजवळ कोल्मा आहे. सॅन फ्रान्सिस्कोत जमीन महाग होत गेली तशी १९००च्या सुमारास शहरानं हद्दीत नवीन दफनाला बंदी केली आणि पुढे असलेल्या मृतांनाही घरं खाली करायला सांगितलं. लाखाहून अधिक मृतदेह उकरून दक्षिणेला कोल्मात हलवले. ज्यांच्या थडग्यांचा खर्च द्यायला कुणी पुढे आलं नाही, त्यांचे दगड समुद्राच्या बांधाला आणि ब्युएना व्हिस्टा बागेतल्या पन्हळींना वापरले. तिथे एखाद्या दगडावर अजून अक्षरं दिसतात. कोल्मा १९२४ साली स्थापन झालं तेच मुळी दफनभूमींच्या सोयीसाठी. जिवंत वस्ती दीड हजार, मृतांची पंधरा लाख. डेनिमवाला लेव्ही स्ट्राउस इथे आहे, बेसबॉलपटू जो डिमाजिओ इथे आहे, पाळीव प्राण्यांचीही वेगळी दफनभूमी आहे. कोल्मात जिवंत असणं किती छान, अशा अर्थाचं घोषवाक्य गावकरी टी-शर्टावर छापून मिरवतात. या आकडेवारीपुढे ते वाक्य कुणीही मान्य करावं.

अलास्कातल्या व्हिटिअरमध्ये जेमतेम पावणेतीनशे माणसं, आणि बहुतेक सगळी एकाच चौदा मजली इमारतीत राहतात. बेगिच टॉवर्स हे तिचं नाव; शीतयुद्धाच्या काळात लष्करानं बांधलेली. पोस्ट, किराणा दुकान, दवाखाना, सगळं त्याच छपराखाली. शाळा समोर आहे, पण बर्फाच्या वादळात पोरांनी बाहेर पाऊल टाकायला नको म्हणून तळघरातून भुयार काढलंय. बाहेरच्या जगाशी संबंध चार किलोमीटरच्या एकपदरी बोगद्यातून. त्यातून आगगाडीही जाते आणि मोटारीही, एकदा या दिशेनं, एकदा त्या. रात्री तो बंद. उशीर झाला तर बोगद्याच्या तोंडाशी गाडीतच झोपायचं. लिफ्टमध्ये ज्याच्याशी भांडण झालं त्याच्याशी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच लिफ्टमध्ये गाठ. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेलाच ग्रामसभा म्हणायचं, तसं हे गाव.

फ्लोरिडातल्या गिब्सनटनची गोष्ट जास्त जिव्हाळ्याची आहे. सर्कशी आणि जत्रांमधले कलाकार हिवाळ्यात विश्रांतीला इथे यायचे. अल टोमेनी हा आठ फुटांवर उंची सांगणारा राक्षसी देहाचा माणूस आणि त्याची जन्मतः पाय नसलेली, अडीच फुटांची बायको जीनी यांनी इथे मासेमारीचा तळ आणि खानावळ काढली. अल गावच्या अग्निशमन दलाचा प्रमुखही झाला. पोस्टात ठेंगण्या लोकांसाठी वेगळा, कमी उंचीचा काउंटर होता. घरापुढच्या अंगणात हत्ती बांधायला आणि पाळण्याचे सांगाडे ठेवायला नगररचनेच्या नियमांत परवानगी होती. बाहेर ज्यांच्याकडे तिकीट काढून बघत, ती माणसं इथे दूध-पाव आणायला निघत आणि कुणी मान वळवून बघत नसे.

या सगळ्या नकाशात मुंबईही आहे, एकदा नव्हे, दोनदा. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या हद्दीजवळ बॉम्बे नावाचं गाव १८३३ साली स्थापन झालं. तिथला जमीनमालक मायकेल होगन. त्याच्या बायकोचे धागे मुंबईशी जुळलेले, म्हणून हे नाव. दुसरी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातली बॉम्बे बीच. १९०५ साली कालवा फुटून कोलोरॅडो नदीचं पाणी एका खोलगट भागात शिरलं आणि सॉल्टन सी हा खारा तलाव तयार झाला. पन्नासच्या दशकात त्याच्या काठाला पर्यटक लोटत. मग पाणी आणखी खारट झालं, लाखो मासे मेले, वाळूच्या जागी माशांच्या काट्यांचा थर आला. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, तशी या बीचची गत. गाव समुद्रसपाटीच्या दोनशेहून अधिक फूट खाली आहे. तिथला स्की इन हा बार स्वतःला पश्चिम गोलार्धातला सर्वांत खालच्या पातळीचा म्हणवतो आणि भिंतींवर गिऱ्हाइकांनी चिकटवलेल्या डॉलरच्या नोटा आहेत. २०१६पासून कलावंतांनी इथे ‘बिएनाले’ भरवायला सुरुवात केली. बिएनाले म्हणजे दोन वर्षांतून एकदा भरणारं प्रदर्शन; हे दरवर्षी भरतं. पडक्या घरांतून संग्रहालय आणि ऑपेराघर झालं. मोडक्या मोटारी ओळीनं लावून, पुढे पडदा टांगून, उघड्यावरचं सिनेमागृह उभं राहिलं. प्रेक्षकांची गाडी सुरू होणार नाही, याची खात्री.

सर्वांत लहान गावाची हकीकत मात्र अजून राहिली. नेब्रास्कातलं मोनोवाई १९३०च्या दशकात दीडशे वस्तीचं होतं. शेती आटली, तरुण गेले, आणि २००० साली एल्सी आयलर आणि त्यांचे पती रूडी एवढे दोघंच उरले. २००४ साली रूडी गेले. गाव कायद्यानं गावच असल्यामुळे कारभार चालवणं भाग होतं. आयलरबाई महापौर, लेखनिक, खजिनदार, ग्रंथपाल आणि गावातल्या एकमेव खानावळीच्या मालकीणही. दारूच्या परवान्यासाठी त्या अर्ज करत आणि स्वतःच त्यावर सही करत. रस्त्यावरच्या चार दिव्यांसाठी त्या स्वतःवर कर बसवत आणि स्वतःच तो भरत. राज्याचा निधी हवा म्हणून दरवर्षी रस्त्यांचा आराखडा सादर करत. रूडींची पाच हजार पुस्तकं त्यांनी खानावळीशेजारच्या एका खोलीत मांडली; ती रूडीज लायब्ररी. आसपासचे शेतकरी कित्येक मैलांवरून जेवायला येत, त्यामुळे एकटेपणाची तक्रार त्यांनी फारशी केली नाही.

२०१०च्या जनगणनेत मोनोवाईची लोकसंख्या एक होती. २०२०च्या जनगणनेत ती दोन निघाली, म्हणजे शंभर टक्के वाढ. आयलरबाईंना हे पत्रकारांकडून कळलं आणि त्या बुचकळ्यात पडल्या, कारण गावात दुसरं कुणी आलेलं नव्हतं. खुलासा असा, की कुणाचीही खासगी माहिती आकड्यांवरून उघड होऊ नये म्हणून जनगणना खातं लहान गावांच्या आकड्यांत मुद्दाम थोडी सरमिसळ करतं. सगळ्या जगाला नावानिशी ठाऊक असलेल्या बाईंची ओळख लपवण्यासाठी खात्यानं त्यांना कागदावर एक शेजारी दिला होता. त्या शेजाऱ्यानं चार दिव्यांच्या खर्चातला आपला वाटा भरावा, अशी नोटीस काढण्याचा अधिकार अर्थातच महापौरबाईंना होता.